जुन्या गाडीचा विमा: आधी किंमत ठरवा, मग पॉलिसी घ्या

घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत, नेरूळ-वाशीच्या सिडको वसाहतीत, डोंबिवलीतल्या एखाद्या जुन्या इमारतीच्या आवारात आजही कव्हर घातलेली पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, कॉन्टेसा किंवा सुरुवातीच्या काळातली मारुती ८०० दिसते. मालकाने तिच्यावर जीव लावलेला असतो. पत्र्याचं काम, क्रोम, सीट, इंजिन यांवर हौसेने पैसा ओतलेला असतो. विम्याचा विषय मात्र वर्षातून एकदा एजंटच्या फोनवर मिटतो. आलेल्या कागदावर एकतर नुसती थर्ड पार्टी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरतं कव्हर) असते, नाहीतर फुल इन्शुरन्स असूनही गाडीची किंमत तीस-चाळीस हजार लिहिलेली असते. तो आकडा कुणी टाकला हे मालकाला ठाऊक नसतं, आणि अपघातानंतर सगळा हिशोब त्याच आकड्यावर होतो.

आपल्या भागाचं या गाड्यांशी जुनं नातं आहे. पद्मिनी प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात घडली, प्यूजो ३०९ कल्याणच्या. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता ज्या पद्मिनी उरल्या आहेत त्या खासगी मालकांनी राखल्या म्हणूनच. त्यांचा विमा नीट उतरवता येतो. मोबाइलवर पाच मिनिटांत होणारं ते काम नाही, थोडी तयारी लागते.

कायद्याच्या नजरेत तुमची गाडी कोण?

पहिला गोंधळ ‘क्लासिक’ या शब्दाचा. हौशी मंडळी आणि क्लब हा शब्द सर्रास वापरतात, पण मोटार वाहन कायद्यात क्लासिक नावाचा वर्ग नाही. ‘व्हिंटेज’ आहे, आणि त्याचीही दोन मापं आहेत.

पहिलं माप आरटीओचं. १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली, चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. १९७५ साली पहिल्यांदा नोंदलेली गाडी २०२५ मध्ये या मापात बसली. दुसरं माप विमा कंपन्यांच्या जुन्या टॅरिफमधलं, म्हणजे दर आणि नियमांच्या पुस्तिकेतलं, आणि ते बरंच कडक आहे: ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ने तसा दाखला दिलेली गाडी. अशा गाडीला ओन डॅमेजच्या, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या, प्रीमियममध्ये २५ टक्के सवलत ठेवली होती.

तुमची १९८६ ची पद्मिनी किंवा १९९२ ची कॉन्टेसा यातल्या कुठल्याच मापात बसत नाही. ती कायद्याने साधी, जुनी खासगी मोटार आहे आणि तिला नेहमीचीच प्रायव्हेट कार पॉलिसी मिळते. यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. उलट साध्या पॉलिसीत एक सोय आहे, तिच्याकडे पुढे येतो.

गाडी ५० वर्षांच्या पुढची असेल तर व्हिंटेज नोंदणी घ्यायची का, हा विचार शांतपणे करा. नवीन नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये. आधीपासून नोंदलेल्या गाडीला मूळ नंबर ठेवता येतो, नव्याने नोंदणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. फायदा असा की व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला थर्ड पार्टीचा प्रीमियम निम्मा लागतो. १ जून २०२२ पासूनच्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या गाडीला थर्ड पार्टी ३,४१६ रुपये, म्हणजे वर्षाला १,७०८ वाचले. त्यावरचा १८ टक्के जीएसटी धरला तर २,०१५ च्या आसपास. दहा वर्षांत वीस हजारांची जेमतेम बरोबरी होते. १५०० सीसीच्या वरच्या गाडीला दर ७,८९७ आहे, तिथे बचत खरी.

पण पैशांपेक्षा मोठी अट वापराची आहे. व्हिंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला मनाई आहे. दर रविवारी घरच्यांना घेऊन उपवनला किंवा पाम बीच रोडला चक्कर मारायची तुमची सवय असेल, तर माझ्या मते या नोंदणीच्या वाटेला जाऊ नका. परवानगीबाहेरच्या वापरात अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती आयतं कारण मिळतं. वर्षातून दोन-चार रॅलींपुरतीच निघणाऱ्या गाडीला मात्र ही नोंदणी शोभते. तिच्या अर्जासोबत विम्याची पॉलिसी जोडावी लागते, म्हणजे इथेही विमा आधी.

कागद: सगळ्यात जास्त वेळ इथेच लागतो

विमा कंपनीकडे जाण्याआधी आरसी बुक हातात घ्या आणि तीन गोष्टी पाहा.

एक, गाडी कुणाच्या नावावर आहे? ठाणे जिल्ह्यातल्या कितीतरी जुन्या गाड्या आजही दिवंगत वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर आहेत. गाडी घरातच असल्याने कुणाला ते खटकत नाही. पण मृत व्यक्तीच्या नावावर चालू ठेवलेली पॉलिसी दाव्याच्या वेळी तुमच्या कामाची राहत नाही. मालक गेल्यानंतर आरटीओला कळवून तीन महिन्यांच्या आत वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. उशीर झाला असला तरी हे काम टाळू नका. मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि इतर वारसांची संमती जमवायला वेळ लागतो, म्हणून सुरुवात इथून करा.

दोन, आरसी जिवंत आहे का? खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकरण करावं लागतं, ज्याला आपण ‘रि-पासिंग’ म्हणतो. गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. ऑगस्ट २०२५ च्या बदलानंतर २० वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झालं आहे. परदेशातून आणलेल्या मोटारीला ते ८०,००० आहे, तो खर्च आधीच हिशोबात धरा.

इथे नेहमी एक पेच पडतो. आरटीओ म्हणतं चालू विमा दाखवा, विमा कंपनी म्हणते चालू आरसी दाखवा. सुटकेचा मार्ग असा: आधी थर्ड पार्टी पॉलिसी घ्या, ती दाखवून रि-पासिंग करा, आणि नवीन वैधतेची आरसी हाती आली की पूर्ण पॉलिसीसाठी जा. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा असल्यामुळे गाडी जुनी आहे एवढ्याच कारणावरून कंपनीने तो नाकारणं नियमाला धरून नाही. कुणी तोंडी नकार दिला तर ‘हे लेखी द्या’ एवढंच शांतपणे म्हणा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचं कव्हर द्यायचं की नाही हे मात्र कंपनीच्या हातात असतं.

तीन, गाडी ‘वाहन’ पोर्टलवर दिसते का? आत्ताचे एमएच-०४ किंवा एमएच-४३ धाटणीचे नंबर १९८८ च्या कायद्यानंतर आले. त्याआधीच्या तीन इंग्रजी अक्षरांच्या नंबरांच्या अनेक गाड्यांची नोंद संगणकावर चढलेलीच नाही, किंवा चढवताना चेसिस नंबरात, इंजिन नंबरात, उत्पादनाच्या वर्षात चुका झाल्या आहेत. नोंद नसेल तर ऑनलाइन पॉलिसी निघत नाही, पीयूसी अडतं, नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरपाटीही मागवता येत नाही. ज्या आरटीओत गाडी नोंदलेली आहे तिथे अर्ज करून ‘बॅकलॉग एंट्री’ करून घ्यावी लागते. मूळ आरसी, जुन्या कर-पावत्या आणि मागच्या विम्याच्या प्रती सोबत न्या. ठाण्यात राहणाऱ्या अनेकांच्या गाड्या ताडदेव, अंधेरी किंवा वडाळ्याला नोंदलेल्या असतात, तेव्हा जवळचं कार्यालय गाठण्याआधी नोंदणी कुठली ते बघून घ्या.

चेसिस नंबर स्वतः डोळ्यांनी वाचा. आरसीवरचा, गाडीवर ठोकलेला आणि पॉलिसीवरचा, तिन्ही अक्षर न अक्षर जुळले पाहिजेत. जुन्या गाडीत नंबर गंजाखाली किंवा रंगाच्या थराखाली दबलेला असतो. मेकॅनिककडून जागा हलक्या हाताने साफ करून घ्या आणि पेन्सिलने कागदावर ठसा उमटवून ठेवा. इंजिन कधी बदललं असेल आणि आरसीवर जुनाच नंबर असेल, तर आरटीओत ती नोंद आधी करा. सीएनजी किटचंही तसंच, आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे ते चढलेलं हवं.

गाडीची किंमत: सगळा खेळ आयडीव्हीचा

पॉलिसीत ‘आयडीव्ही’ म्हणून जो आकडा असतो तीच कंपनीच्या लेखी गाडीची किंमत. नव्या गाडीला त्याचं कोष्टक ठरलेलं आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घसारा, पहिलं वर्ष सरताना १५, मग २०, ३०, ४० आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. इथे कोष्टक संपतं. पाच वर्षांवरच्या आणि उत्पादन बंद झालेल्या मॉडेलच्या गाडीची आयडीव्ही कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची, असं टॅरिफच सांगतं.

मघाशी सोय म्हणालो ती हीच. तुमच्या जुन्या गाडीची किंमत कुणी परस्पर ठरवून दिलेली नाही, ती बोलून ठरवण्याचा अधिकार तुम्हाला आहे. आणि एकदा ठरली की गाडी पूर्ण निकामी झाल्यास किंवा चोरीला गेल्यास पॉलिसीच्या मुदतीत तीच आयडीव्ही बाजारभाव मानली जाते, तिच्यातून पुन्हा घसारा कापला जात नाही. टॅरिफच्या मापातल्या खऱ्या व्हिंटेज गाड्यांना यासाठी ‘आयएमटी २’ नावाचं स्वतंत्र मान्य-किमतीचं कलम आहे. तुमची गाडी १९४० पूर्वीची असेल तर हा क्रमांक पॉलिसीच्या शेड्यूलवर छापून घ्या.

कमी आयडीव्हीचा धोका लोकांना उशिरा कळतो. दुरुस्तीचा एकूण खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. आयडीव्ही ६०,००० असेल तर ही रेषा ४५,००० वर येते. तीन हात नाक्याला मागून एखादा टेम्पो घुसला, डिकी, मडगार्ड आणि मागचा बंपर गेला, तर पत्र्याचं काम आणि पूर्ण रंग मिळून ४५,००० कधी ओलांडतील कळणार नाही. गाडी सहज दुरुस्त होण्यासारखी असूनही कागदावर ती भंगार ठरते. तीच गाडी तीन लाखांना उतरवलेली असती तर रेषा सव्वादोन लाखांवर असती, आणि ती गॅरेजमधून नीट होऊन घरी आली असती.

प्रीमियम किती वाढतो? १० वर्षांवरच्या, १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला जुन्या टॅरिफचा ओन डॅमेजचा दर आयडीव्हीच्या साधारण साडेतीन टक्के होता. २००७ पासून कंपन्या आपापले दर आणि सवलती ठरवतात, तरी अंदाजाला तो धरता येतो. ६०,००० वर साधारण २,१०० रुपये, तीन लाखांवर १०,५००. फरक आठ हजारांच्या आसपास, आणि त्यातून नो क्लेम बोनस (आधी दावा न केल्याबद्दलची सूट) आणि कंपनीची सवलत वजा होते. नुसत्या रंगकामाला काय लागतं हे ज्याने एकदा रंग काढला आहे त्याला ठाऊक आहे. तरी आकडा अवाच्या सवा फुगवू नका. बाजारात दीड लाखाला मिळणारी गाडी सहा लाखांना उतरवली, तर दाव्याच्या वेळी नुकसान तपासणारा सर्व्हेअर प्रश्न विचारणारच. आकडा पुराव्याने उभा राहिला पाहिजे.

पुराव्याची फाइल अशी करा. विमा नियामक आयआरडीएआयचा परवाना असलेल्या मोटार सर्व्हेअरकडून मूल्यांकन अहवाल घ्या. त्यात गाडीची आजची स्थिती, झालेली कामं, मूळ सुटे भाग किती टिकले आहेत आणि अंदाजे बाजारभाव आलेला असावा. त्याला दुरुस्तीची सगळी बिलं जोडा. कुर्ल्याच्या बाजारातून किंवा चोर बाजारातून घेतलेल्या भागांची बिलं बहुतेकदा नसतात. निदान दुकानदाराची पावती, तारीख आणि भागाचा फोटो तरी ठेवा. तुमच्याच मॉडेलच्या, त्याच स्थितीतल्या गाड्या सध्या काय भावाला विकायला आहेत याची दोन-तीन उदाहरणं तारखेसह छापून ठेवा. आणि फोटो: चारही बाजू, इंजिन, डॅशबोर्ड, मीटरवरचे किलोमीटर, बूट, खालचा पत्रा, चेसिस नंबर. ढगाळ दिवशी किंवा सकाळी उघड्यावर काढा म्हणजे रंग खरा दिसतो.

कोणती पॉलिसी?

थर्ड पार्टी नसेल तर गाडी रस्त्यावर आणूच नका. १९८८ च्या कायद्याच्या कलम १४६ नुसार ती सक्तीची आहे. पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दंडाची भीती त्यामानाने लहान. तुमच्या गाडीने कुणाचा जीव गेला तर मोटार अपघात न्यायाधिकरण देईल त्या भरपाईला वरची मर्यादा नाही, आणि विमा नसेल तर ती तुमच्या घरादारातून वसूल होते. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत कव्हर असतं. ते सहा हजारांवर आणून प्रीमियममध्ये शंभर रुपये वाचवण्याचा एक पर्याय असतो, तो घेऊ नका.

दर इंजिनाच्या आकारावर ठरतो, म्हणून आरसीवरचे सीसी नीट पाहा. मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, तिला २,०९४ रुपये. पद्मिनी १०८९ सीसी आणि अ‍ॅम्बेसेडरचं जुनं इंजिन १४८९ सीसी, दोघींना ३,४१६. इसुझूच्या १८१७ सीसी इंजिनाची अ‍ॅम्बेसेडर मात्र वरच्या गटात जाते, ७,८९७. जुन्या अ‍ॅम्बेसेडरला चुकून वरच्या गटात टाकलं जाऊ नये, एवढ्यासाठी हे आकडे लक्षात असू द्या.

नुसत्या थर्ड पार्टीत तुमच्या गाडीला काहीही मिळत नाही. चालवायच्या स्थितीत असलेल्या, जपलेल्या गाडीला पॅकेज पॉलिसीच (थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र) घ्यावी असं मी ठामपणे सांगेन. कंपनी पॅकेजला तयारच नसेल, किंवा गाडी वर्षभर उभीच असेल, तर ‘थर्ड पार्टी अधिक आग आणि चोरी’ असं मर्यादित कव्हर मागा. ते टॅरिफमध्ये आहे, पण विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही. जुन्या वायरिंगच्या गाडीला आगीचं कव्हर खरोखर लागतं. चाळीस वर्षांच्या वायरींचं आवरण कडक होऊन तडकतं आणि एका शॉर्ट सर्किटने गाडी जाऊ शकते. गाडी रिस्टोरेशनसाठी महिनोन्‌महिने गॅरेजमध्ये उघडून ठेवली असेल, तर ‘लेड-अप’, म्हणजे वापराविना उभ्या ठेवलेल्या, वाहनाची सवलत मिळते का तेही विचारा.

सोबत मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर येतं. ते तुमच्या दुसऱ्या गाडीवर किंवा स्वतंत्र पॉलिसीत आधीच असेल तर पुन्हा घ्यायची गरज नाही, तसं लिहून द्या. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याच्या कव्हरचे पन्नास रुपये जरूर भरा. नंतर बसवलेला एसी, म्युझिक सिस्टिम किमतीसह वेगळे लिहून घ्या. झिरो डेप्रिसिएशन (घसारा न कापणारं जोड-कव्हर) या वयाच्या गाडीला सहसा मिळत नाही, त्याच्यामागे वेळ घालवू नका.

कुठे आणि कसं मागायचं

ऑनलाइन फॉर्ममध्ये कंपनी-मॉडेल निवडायची यादी असते आणि कॉन्टेसा किंवा स्टँडर्ड हेराल्ड त्यात सहसा सापडत नाही. सापडलीच तर आयडीव्ही संगणक आपणच टाकतो. म्हणून सरळ शाखेत जा. न्यू इंडिया, ओरिएंटल, युनायटेड इंडिया आणि नॅशनल या चार सरकारी कंपन्यांपासून सुरुवात करा, मग खासगी कंपन्यांच्या शाखा. किंमत ठरवण्याचा अधिकार सहसा काउंटरवरच्या माणसाकडे नसतो, अंडररायटिंग (विमा कोणत्या अटींवर द्यायचा ते ठरवणं) बघणाऱ्या अधिकाऱ्याला भेटायचं आहे असं सांगा. एजंटकडूनच काम करायचं असेल तर ज्याने आधी जुन्या गाड्यांचे विमे उतरवले आहेत असा शोधा. अशी माणसं जुन्या गाड्यांच्या क्लबात आणि रॅलीला येणाऱ्या मालकांना ठाऊक असतात.

तोंडी बोलणी पुरेशी नाहीत. एक पानी मराठी किंवा इंग्रजी पत्र न्या: गाडीचं नाव, वर्ष, नंबर, सीसी, अपेक्षित आयडीव्ही, मूल्यांकन अहवालाची तारीख, हवं असलेलं कव्हर. प्रतीवर पोच घ्या, नाहीतर तेच ईमेलने पाठवा. दोन-तीन कंपन्यांना एकाच वेळी पत्र द्या म्हणजे तुलना करता येते, आणि तुलना करताना प्रीमियमच्या आधी आयडीव्हीचा रकाना वाचा.

मागची पॉलिसी संपलेली असेल तर गाडीची पाहणी होईल. पाहणीच्या दिवशी गाडी धुतलेली, सुरू होणारी, दिवे-हॉर्न-वायपर चालू असलेली ठेवा. जुने पोचे, गंज असेल तर लपवू नका. ते अहवालात लिहिलं गेलं की नंतरच्या दाव्यात ‘हे आधीचंच’ या वादाला जागा राहत नाही. मुदत संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो. तो ५० टक्क्यांपर्यंत साठलेला असू शकतो, म्हणून तारीख पाळा. नुकतीच विकत घेतलेली गाडी असेल तर नाव बदलल्यापासून १४ दिवसांत पॉलिसीही आपल्या नावावर करून घ्या.

पॉलिसी हाती आली की त्याच दिवशी नाव, चेसिस, इंजिन, सीसी, वर्ष, आयडीव्ही आणि कलमांचे क्रमांक तपासा. दुरुस्ती लगेच मागितली तर सहज होते.

रॅली, लग्न, शूटिंग

प्रायव्हेट कार पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. भाड्याने देणं, शर्यत, वेगचाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीचा भरवसा जोखणारी स्पर्धा) त्यात बसत नाहीत. रॅलीत भाग घ्यायचा असेल तर आधी कंपनीकडून ‘आयएमटी ३१’ हे कलम जोडून घ्या. ते त्या कार्यक्रमापुरतं मिळतं, म्हणून आयोजकांचं पत्र घेऊन आठवडाभर आधी शाखेत जा.

लग्नाच्या वरातीला किंवा मालिकेच्या शूटिंगला गाडी देणं आपल्याकडे फार चालतं. ठाण्यापासून मीरा रोडपर्यंत शूटिंगची ठिकाणं पसरलेली आहेत आणि जुन्या गाड्यांना मागणी असते. मित्राच्या मुलीच्या लग्नाला प्रेमाने, पैसे न घेता गाडी दिली तर तो खासगी वापर. पैसे घेतले की ते भाडं झालं आणि त्या दिवशीचा अपघात तुमच्या अंगावर येऊ शकतो. शूटिंगसाठी द्यायचीच असेल तर निर्मात्याच्या विम्यात तुमची गाडी नाव आणि किमतीसह आलेली आहे याचा लेखी पुरावा घ्या, त्याशिवाय किल्ली देऊ नका.

पावसाळा

पुराने झालेलं नुकसान पॅकेज पॉलिसीत येतं. पण पाण्यात बुडालेल्या गाडीला स्टार्टर मारला आणि इंजिनात पाणी खेचलं गेलं, तर ते नुकसान पुढच्या चुकीने झालं असं म्हणून नाकारलं जातं, आणि इंजिन प्रोटेक्टचं जोड-कव्हर जुन्या गाडीला सहसा देत नाहीत. ठाण्यात वंदना टॉकीजच्या परिसरासारखे सखल भाग आणि नवी मुंबईत मोठ्या भरतीच्या वेळी तुंबणारे रस्ते आपल्याला ठाऊक आहेत. पाणी चढलं तर बॅटरीची तार काढा, पाण्याची पातळी दिसेल असा फोटो काढा, आणि गाडी टो करून गॅरेजला न्या. खाडीच्या खाऱ्या हवेने पत्र्याला धरलेला गंज मात्र कुठल्याच विम्यात येत नाही, त्याला अंडरकोटिंग हाच उपाय.

दावा करायची वेळ आली तर

जागेवरच फोटो काढा, कंपनीला लगेच कळवा, सर्व्हेअर येण्याआधी गाडी उघडू नका. चोरी असेल तर आधी पोलिसात एफआयआर आणि त्याच दिवशी कंपनीला लेखी सूचना. दोन्ही किल्ल्या जपून ठेवलेल्या असाव्यात.

पूर्ण बिल मिळणार नाही हे मनाशी धरा. १० वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, रबर-प्लास्टिक आणि बॅटरीवर ५०, रंगाच्या साहित्यावर ५०. काचेवर घसारा नाही. मजुरीवरही नाही. जुन्या गाडीच्या कामात मोठा खर्च मजुरीचाच असतो, कारण पत्रा ठोकून, जोडून, घडवून काढावा लागतो. म्हणून गॅरेजवाल्याला अंदाजपत्रकात मजुरी आणि सुटे भाग वेगवेगळे, कामागणिक लिहायला सांगा. ‘डेंटिंग-पेंटिंग एकूण’ अशी एकच ओळ असेल तर नुकसान तुमचं. याशिवाय १५०० सीसीपर्यंत १,००० आणि त्यावर २,००० रुपये सक्तीची वजावट आहेच. भाग बाजारात नवा मिळत नसेल तर जुना घेण्याआधी सर्व्हेअरला दाखवून ईमेलने मंजुरी घ्या.

सर्व्हेअर टोटल लॉस म्हणाला तर गाडी सोडून देऊ नका. ‘नेट ऑफ सॅल्व्हेज’ पद्धतीने, म्हणजे आयडीव्हीतून भंगाराची किंमत वजा करून गाडी आपल्याकडेच ठेवायची मागणी लेखी करा. भंगाराची किंमत कशी काढली तेही विचारा, कारण ती जितकी जास्त धरली जाईल तितके तुमचे पैसे कमी.

निकाल पटला नाही तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. ठाणे आणि नवी मुंबईसाठी लोकपालाचं कार्यालय आता ठाण्यातच आहे. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही आणि वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज करा आणि सोबत तीच फाइल जोडा: मूल्यांकन अहवाल, फोटो, पोच घेतलेलं पत्र, बिलं आणि सर्व्हेअरशी झालेला ईमेल.